पासवर्ड मिळणार नाही, साहेब

कारखान्यात टाइम ऑफिसच्या माणसाला कुणी आपणहून चहा पाजत नाही. हजेरी आम्ही मांडतो, उशिराची लाल खूण आम्ही करतो, रजा नामंजूर झाली तर तो कागदही आमच्याच खिडकीतून बाहेर येतो. मग आमच्याशी कोण गोड बोलणार? चाकणच्या पट्ट्यात, गाड्यांच्या सीटचे लोखंडी सांगाडे बनवणाऱ्या एका कंपनीत मी सव्वीस वर्षं काढली. आधी टाइम ऑफिसात, मग एचआरमध्ये. कधी लागले, कायम कधी झाले, साहेब किती बदलले, हे सांगत बसत नाही. ते सगळ्यांचं सारखंच असतं. माझ्या एका चुकीने एका चांगल्या कामगाराची नोकरी गेली, आणि त्यानंतर मी कंपनीत ‘आडमुठी बाई’ म्हणून ओळखली जाऊ लागले, ते सांगायचंय. आडमुठी या शब्दाबद्दल माझी तक्रार नाही. तो मी कमावलेला आहे.

आधी आमचं काम काय असतं ते सांगते. बाहेरच्यांना वाटतं, एचआर म्हणजे मुलाखती घेणं आणि दिवाळीला मिठाईचे बॉक्स वाटणं. खरं काम आहे माणसांची माहिती सांभाळणं. आधार कार्ड, बँकेचं खातं हे तर झालंच. पण कुणी वारस म्हणून बायकोऐवजी बहिणीचं नाव दिलंय, कुणाला फिट येते, कुणाच्या बायकोने कोर्टात दावा लावलाय, कोण दारू सोडायच्या केंद्रात महिनाभर होता, हेसुद्धा आमच्याकडे असतं. माणूस सख्ख्या भावाला सांगणार नाही ते आमच्या फॉर्मवर लिहितो, कारण फॉर्मवर तसा रकाना असतो आणि रकाना रिकामा ठेवला तर आम्ही फॉर्म परत करतो.

पूर्वी हे सगळं लोखंडी कपाटात असायचं आणि कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये. मग कपाट लॅपटॉपमध्ये गेलं. आणि लॉकडाऊननंतर साहेब लोकांनी ठरवलं की ऑफिसच्या माणसांनी आठवड्यातले दोन दिवस घरून काम करावं. माझं घर रहाटणीत, दोन खोल्यांचं. एका खोलीत सासरे, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, त्यांची खाट आणि दिवसभर चालणारा टीव्ही. दुसऱ्या खोलीत स्वयंपाकघर आणि नवऱ्याचं शिलाई मशीन. तिथे मी काम कुठे करणार? मग कधी वाचनालयाच्या अभ्यासिकेत, कधी सोसायटीच्या बागेत, आणि उरलेले दिवस कंपनीच्या बसमध्ये. नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत चाकणला पोचायला दीड तास. तेवढ्या वेळात दोन याद्या होऊन जायच्या. मला त्याचा अभिमान वाटायचा. बाकीच्या बायका डुलक्या काढतायत आणि मी काम करतेय.

त्या अभिमानातच घात झाला.

दत्ता येळवंडे हा प्रेस शॉपमधला, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या अवजड मशीनवरचा ऑपरेटर. कुरुळीचा, तिथल्याच शेतकरी घरातला. अबोल, पण हात सोन्यासारखे. त्याच्या मशीनवरचा माल कधी नाकारला जायचा नाही. एकदा तो महिनाभर रजेवर गेला. परत आला तेव्हा डॉक्टरचा दाखला त्याने बंद पाकिटात आणून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “मॅडम, ह्यो फक्त तुमीच बघा.” दाखला मानसोपचारतज्ज्ञांचा होता. झोप उडाली होती, जीव नकोसा झाला होता, औषधं घेतली, बरा झाला. कामावर यायला हरकत नाही असं डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं. मी दाखला स्कॅन केला, यादीत त्याच्या नावापुढे नोंद केली, पाकीट कपाटात ठेवलं.

त्याच आठवड्यात बुधवारी दुपारी दत्ता खिडकीवर आला. मागे कुणी नाही याची खात्री करून त्याने विचारलं, “मॅडम, माझा कागद कोन-कोन बघतं?”

“मी एकटी.”

“मंग कँटीनमधी कसं कळलं?”

मला वाटलं त्याचा गैरसमज झालाय. विचारलं तर म्हणाला, काल जेवताना शेजारची दोघं ताट घेऊन उठली. आज सकाळी मशीनजवळ कुणीतरी खडूने ‘मेंटल’ लिहून ठेवलं होतं. “माझ्या घरात बी ठावं न्हाई, मॅडम. बायकोला पाठदुखी सांगितलीय मी.”

“मी बघते,” म्हटलं. पण माझ्याकडून काही झालं असेल असं मनातही आलं नाही. कपाटाला कुलूप होतं, लॅपटॉपला पासवर्ड होता. डॉक्टरच्या दवाखान्यातूनच कुणी बोललं असणार, असं मी ठरवूनही टाकलं.

त्या दिवशी संध्याकाळी बसमध्ये नेहमीप्रमाणे लॅपटॉप उघडला. थंडीचे दिवस होते, सहालाच अंधारून आलेलं. बसमधले दिवे लागलेले. मोशीच्या सिग्नलला बस थांबली आणि मी सहज खिडकीकडे पाहिलं. काचेत माझी स्क्रीन दिसत होती. ओळी, रकाने, सगळं लख्ख. आणि तिच्या वर, माझ्या खांद्यामागे, क्वालिटीतल्या शिंगोट्यांचा चेहरा. त्यांचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकत होते. ते वाचत होते.

रजेची तीच यादी मी सोमवारी, त्याच सीटवर, तेच शिंगोटे मागे बसलेले असताना भरली होती.

मी लॅपटॉप बंद केला आणि मागे वळले. “शिंगोटे, दत्ता येळवंडेचं तुम्ही बोललात का कँटीनमध्ये?”

त्यांनी नाकारलं नाही. उलट तेच चिडले. “मॅडम, मी काय मुद्दाम बघितलं का? तुम्ही माझ्या तोंडासमोर उघडून बसता रोज. मी डोळे मिटून बसू का चाकणपर्यंत?”

“बघितलं ते बघितलं. बोललात कशाला?”

“अहो, प्रेसवर काम करतो तो! उद्या काही झालं म्हणजे? माझ्या माणसांना मी सावध केलं.”

बसमधले सगळे ऐकत होते. मी त्यांना खूप बोलले, ते आता लिहीत नाही. पण नाशिक फाट्याला उतरून रहाटणीच्या रिक्षात बसले तेव्हा कळलं, की त्यांनी तोंड उघडलं हा त्यांचा गुन्हा, पण त्यांना वाचायला मी दिलं. खडूने ‘मेंटल’ लिहिणाऱ्याच्या हातात तो खडू मीच दिला.

दुसऱ्या दिवशी मी तेव्हाच्या मॅनेजरना लेखी दिलं: माझ्या निष्काळजीपणामुळे एका कामगाराची वैद्यकीय माहिती बाहेर गेली. ते कागद वाचून माझ्याकडे बघतच राहिले. “लेखी कशाला देताय? कुणी विचारलं होतं का तुम्हाला?” मी म्हटलं, दत्ताने विचारलं होतं. त्यांनी मला ताकीद दिली, माझ्या फाइलला लावली, आणि त्यांच्या लेखी विषय संपला. दत्ताला मात्र ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ प्रेसवरून काढून पॅकिंगला पाठवलं. डॉक्टरने हरकत नाही लिहिलेलं असताना! मी त्यावरही भांडले. ते म्हणाले, “आता सगळ्यांना कळलंय ना, मग रिस्क कोण घेणार?” सोन्यासारखा हात खोके चिकटवत बसला. दोन महिन्यांनी त्याने राजीनामा दिला.

मी त्याच्या घरी कुरुळीला गेले. न जाता भागलं असतं, पण रात्रीची झोप गेली होती. घरापुढे भाड्याच्या खोल्यांची ओळ, त्यात आमच्याच पट्ट्यातल्या कंपन्यांचे कामगार राहतात. म्हणजे त्या ओळीतही बातमी पोचली असणारच. दत्ता बाहेर बाजेवर बसला होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं की माहिती माझ्या लॅपटॉपवरून गेली, बसमध्ये, माझी चूक.

तो म्हणाला, “मी पाकिटात घालून दिला व्हता, मॅडम. डिंकानं चिकटवून.”

“हो.”

“मंग आता काय?”

“माफी मागायला आले.”

“माफी घिऊन मी काय करू?” तो उठून आत गेला. त्याची आई दारात उभी होती. ती मला “च्या घिऊन जा” म्हणाली. मला तो चहा नको होता, पण मी संपवला. तिथून उठायचा धीर नव्हता म्हणून.

दत्ताने मला माफ केलं नाही. त्यानंतर एकदा तो टेम्पो चालवताना दिसला. त्याने मला पाहिलं आणि नजर पुढे केली. त्याचं काही चुकलं नाही.

पण रडत बसणाऱ्यातली मी नाही. मी साहेबांच्या मागे लागले. लॅपटॉपच्या स्क्रीनवर लावायची काळसर काच मिळते, शेजारच्याला तिरकं काही दिसत नाही. ती सगळ्यांना द्या. वैद्यकीय याद्या कंपनीच्या आतच उघडल्या जातील असं करा. उत्तर मिळालं, बजेट नाही. मग चिंचवडच्या एका दुकानातून मी माझ्यापुरती काच आणून लावली. वर्षभर पत्रं लिहिली तेव्हा कंपनीने एक धोरण काढलं, सहा पानी, इंग्रजीत. सगळ्यांनी सह्या केल्या, वाचलं कुणी नाही. मी वाचलं. दोनदा वाचलं. मग त्यातलं सार मराठीत एका कागदावर लिहून टाइम ऑफिसच्या बोर्डावर लावलं. भिंतीला पाठ करून बसा. उठताना स्क्रीन बंद करा, चहा आणायला दोन मिनिटं गेलात तरी. फुकटच्या वायफायवर कंपनीचं काम करू नका. फोनवर नावं आणि आकडे मोठ्याने बोलू नका. पासवर्ड कुणालाही सांगू नका, साहेबांनाही नाही.

शेवटच्या दोन शब्दांवर बरीच चेष्टा झाली. लोक मला बघून लॅपटॉपवर टॉवेल टाकायचे. “मॅडम आल्या, झाका रे!” आमचे सेल्सचे एक अधिकारी होते, जोंधळे नावाचे, आवाज असा की मशीन बंद पडलं तरी शॉपमध्ये जाणवू नये. ते तर मला म्हणाले, “शैलाताई, आपण सीटचे सांगाडे बनवतो, अणुबॉम्ब नाही.” पुढच्याच महिन्यात ते भोसरीच्या एका हॉटेलात मिसळ खात फोनवर एका नव्या गाडीच्या सीटचा दर सांगत होते. सांगून झालं तसा पाव घेऊन आलेला वेटर त्यांच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, “साहेब, हळू बोला. मागच्या टेबलावर तुमच्याच लायनीतले बसलेत. त्यांनी पेन मागून घेतलंय.” ती ऑर्डर गेली ती गेलीच. जोंधळ्यांनी हे स्वतः येऊन मला सांगितलं, हे त्यांचं मोठेपण. त्यानंतर ते दराचं बोलायला गाडीत काचा वर करून बसायचे. उन्हाळ्यातसुद्धा.

आता खोत साहेबांकडे येते. ते आमचे नवे एचआर हेड. माणूस हुशार, कामाला वाघ, पण ‘नाही’ हा शब्द त्यांनी फक्त स्वतः वापरलेला.

अण्णांची किडनी गेली होती, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. त्यातला एक दिवस माझ्या घरून कामाचा. हॉस्पिटलच्या तळघरात नातेवाइकांना बसायला हॉल होता. तिथे फोन लागायचा, पण इंटरनेट रांगायचं. हॉस्पिटलचं फुकट वायफाय मात्र जोरात. त्याचा पासवर्ड भिंतीवरच चिकटवलेला, एक ते आठ आकडे ओळीने. कंपनीच्या कॉम्प्युटरपर्यंत बाहेरून जायचा एक बंदिस्त मार्ग असतो. पाण्याच्या बंदिस्त पाइपसारखा, मधे कुणाला ओंजळ लावता येत नाही. तो त्या दिवशी सकाळपासून बिघडलेला. म्हणून मी लॅपटॉप उघडलाच नव्हता.

साडेअकराला खोत साहेबांचा फोन आला. आमच्या मोठ्या गिऱ्हाईक कंपनीचे तपासनीस अचानक आलेत. कंत्राटी कामगारांची वैद्यकीय यादी मागतायत. “तुमच्या लॉगिनमध्ये आहे. पाठवा.”

“साहेब, कंपनीचा मार्ग बंद आहे. हॉस्पिटलच्या वायफायवरून ती यादी मी पाठवणार नाही.”

“मग पासवर्ड सांगा. मी इथून उघडतो.”

आजूबाजूला तीसचाळीस माणसं बसलेली. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे वळून कानच दिला. आणि साहेबांच्या बाजूने मला खुर्च्या सरकल्याचे आणि कुणीतरी खोकल्याचे आवाज आले. फोन स्पीकरवर होता.

“पासवर्ड मिळणार नाही, साहेब.”

“काय?”

“मी सांगू शकत नाही. तुम्ही आयटीला दोन ओळी लेखी द्या, ते यादी उघडून देतील. तशी सोय धोरणात आहे. दहा मिनिटांचं काम.”

“मॅडम, मी तुम्हाला विनंती करत नाहीये.”

“मीही करत नाहीये.”

हे तोंडातून कसं गेलं मला माहीत नाही. शेजारच्या बाई “अगंबाई” म्हणाल्या.

त्यांनी स्पीकर बंद केला असावा, कारण आवाज बदलला. खालच्या पट्टीत म्हणाले, “तपासनीस चारला निघतील. यादी मिळाली नाही तर जबाबदारी तुमची.”

“साहेब, त्यांना कामगार फिट आहे की नाही एवढंच बघायचं असतं. आपल्या यादीत कुणाला काय आजार हेही आहे. तो रकाना त्यांना दाखवायचा नाही. मी येऊन दोन रकान्यांची वेगळी यादी करून देते. चारच्या आत.”

फोन कट झाला.

दहा मिनिटांचं काम साहेबांनी का केलं नाही, याचा मी पुढे खूप विचार केला. उत्तर सोपं आहे. लेखी दिलं असतं तर यादी त्यांच्या नावावर उघडली गेली असती. माझा पासवर्ड घेतला असता तर ती माझ्या नावावर उघडली असती. उद्या काही बाहेर गेलं असतं तर कॉम्प्युटरने कुणाचं नाव सांगितलं असतं?

नवऱ्याला फोन करून त्यांच्या शिलाईच्या दुकानातून बोलावलं. ते लातूरचे, चिडले की तिकडची बोली बाहेर येते. “अण्णा आत मशीनवर हायत आणि तू कुठं निघायलीस?”

“चाकणला. चारच्या आत पोचायचंय.”

“सांगून टाकायचं की मग! साहेबच हाय तो, चोर हाय का?”

“साहेब बदलतात. माझं नाव राहतं,” मी म्हटलं आणि निघाले.

रिक्षा, मग बस, मग मोशीच्या पुढे अडकलेल्या कंटेनरांच्या रांगेत बस हलेना तेव्हा उतरून चालत, मग एका मालवाहू टेम्पोवाल्याला हात करून. पावणेतीनला गेटमधून आत शिरले तेव्हा माझ्या साडीचा काठ ग्रीसने काळा झाला होता. वीस मिनिटांत यादी केली. नाव, आणि फिट की अनफिट. प्रिंट काढून मीटिंगच्या खोलीत नेऊन दिली. तपासनिसांत एक बाई होत्या. त्यांनी चष्मा वर करून यादीवर पेन फिरवलं, काही ठिकाणी खूण केली, आणि पान उलटलं. ना शाबासकी ना तक्रार. त्यांना एवढंच हवं होतं. खोत साहेब खिडकीतून बाहेर बघत होते.

दुसऱ्या दिवशी मला नोटीस मिळाली. आज्ञाभंग, कामात विलंब, वरिष्ठांशी उद्धट वर्तन.

मी नोटिशीचं उत्तर मराठीत लिहिलं, एक पान. उद्धटपणाबद्दल लिहिलं की शब्द कडक गेले असतील, पण अर्थ तोच राहील. बाकी सगळं धोरणाच्या पान-क्रमांकासकट. चौकशीला प्लँट हेड, खोत साहेब आणि मी. प्लँट हेड आधी मलाच म्हणाले, “ताई, प्रसंग बघून वागावं लागतं. नियम माणसांसाठी असतात.”

“साहेब, ती यादीसुद्धा माणसांचीच आहे,” मी म्हटलं. “मी एकदा प्रसंग बघून वागले. वेळ वाचावा म्हणून बसमध्ये यादी उघडली. तुमचा सगळ्यात चांगला प्रेस ऑपरेटर गेला. तो आज टेम्पो चालवतो. त्याची फाइल मागवा आणि मग मला प्रसंग समजावून सांगा.”

माझा आवाज चढला होता. खोत साहेबांनी हात वर केला, “हे विषयाला सोडून आहे.”

प्लँट हेड थोडा वेळ माझं पान वाचत राहिले. मग त्यांनी मान वर न करता विचारलं, “खोत, आयटीला दोन ओळी का नाही दिल्या?”

खोत साहेब म्हणाले, “त्या वेळी सुचलं नाही.”

“मी फोनवर सुचवलं होतं,” मी म्हटलं. “स्पीकरवर.”

मी जिंकले असं वाटत असेल तर तसं झालं नाही. नोटीस मागेही घेतली नाही आणि पुढेही नेली नाही. आमच्याकडे अशा वेळी ‘समज’ नावाचं एक पत्र देतात: यापुढे असं वागू नये, खाली सही. मी सही केली नाही. तीन वेळा शिपाई पत्र घेऊन आला, तीन वेळा तसाच परत पाठवला. शेवटी ते बिनसहीचंच माझ्या फाइलला लागलं. महिन्याभरात मला एचआरमधून काढून पुन्हा टाइम ऑफिसच्या खिडकीवर बसवलं. लोकांना वाटलं, बाईंचा पाणउतारा झाला. मला आधी वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण जाताना मी माझं लॉगिन आयटीवाल्यांसमोर बंद करून घेतलं आणि तसं त्यांच्याकडून लेखी घेतलं. मग खिडकीवर बसले आणि निवृत्तीपर्यंत उशिरा येणाऱ्यांच्या नावापुढे लाल खुणा करत राहिले. त्यात एकदा खोत साहेबांच्याही नावापुढे केली. सव्वानऊला आले होते.

एक मात्र झालं. वैद्यकीय याद्या आता कंपनीच्या बाहेर उघडत नाहीत. कुणी कितीही मोठा असो, बाहेरून क्लिक केलं की बंद दार दिसतं. हे कुणामुळे झालं ते कोणत्याही कागदावर नाही. नसू दे.

निवृत्त होऊन आता वर्ष होत आलं. अण्णा गेले, घर मोकळं झालं. मला अजून घरात दुपार काढता येत नाही. मग आकुर्डीला मैत्रिणीकडे जाते, येताना कॉलेजच्या बाजूच्या एका कॉफीच्या दुकानात बसते. तिथे अर्धी टेबलं लॅपटॉपची असतात.

मागच्या आठवड्यात माझ्या पुढच्या टेबलावर एक मुलगी होती, पंचविशीतली, कानात हेडफोन, पाठ माझ्याकडे. स्क्रीनवर यादी. आमच्याच धंद्यातली, हे रकान्यांवरूनच ओळखलं. नावं, फोन, मुलाखतीची तारीख, शेरा. मी नजर वळवली. मग परत बघितलं, कारण तिच्या मागून जाणारा प्रत्येक जण बघत होता. उठले, तिच्या खांद्याला हात लावला आणि म्हटलं, “बाळा, भिंतीला पाठ करून बस. सगळं दिसतंय.”

तिने हेडफोन काढला. “काकू, दुसऱ्याच्या लॅपटॉपमध्ये डोकावणं बरं दिसतं का?”

“अजिबात नाही दिसत. पण तू मांडून ठेवलंयस.”

“तुम्हाला काय करायचंय त्याच्याशी? माझं काम आहे.”

“तुझं काम आहे, पण नावं त्यांची आहेत.” मग मी खाली वाकून, फक्त तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, “तिसऱ्या ओळीतली बाई गरोदर आहे म्हणून तिला तुम्ही थांबवून ठेवलंय. थांबवण्याचं कारण अजून तिलासुद्धा माहीत नसेल. मला माहीत आहे, आणि मी फक्त कॉफी प्यायला आले होते.”

ती लालबुंद झाली. तिने लॅपटॉपचं झाकण खाडकन मिटलं, तो बॅगेत कोंबला आणि माझ्याकडे जळजळीत बघत, अर्धी कॉफी तशीच टाकून निघून गेली. दुकानातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हातारी भांडकुदळ आहे, असं कुणीतरी बोललंही.

बोलू दे. लॅपटॉप बंद झाला ना?